बेबाकी

साडेपाचला दार बंद होतं.
दार म्हणजे दार नव्हे, पडद्यावरची हिरवी चौकट.
तिच्यातून फाईल वर गेली पाहिजे,
नाहीतर उद्या सकाळी मोठ्या बँकेकडून उसनं मिळायचं नाही.
वर म्हणजे मुंबई.
जालन्याहून तसं सगळंच वर.

दोनशे चौदा ओळी.
एक ओळ, एक कर्ज. माणसांची नावं जात नाहीत,
जातो क्रमांक, शिल्लक, मुदत, दर्जा,
आणि शेवटच्या रकान्यात मी लिहिते ‘होय’:
होय, हे येणं दुसऱ्या कुणाकडं गहाण नाही.

येणं.
किती साधा शब्द, आणि किती लबाड.
जे अजून आलंच नाही त्याला आपण येणं म्हणतो,
आणि तेच तारण ठेवतो.

पूर्वी तारणाला वजन असायचं.
सराफ्यात काट्यावर पाटल्या बसायच्या, काटा डुलायचा,
सोडवून आणलेली पाटली हातात चढताना
उगाच सैल वाटायची.
आता माझ्या बोटाखालून कोटी जातात
आणि टेबलावरचा चहासुद्धा हलत नाही.

नावं नाहीत, तरी ओळी मला चेहऱ्यानं ओळखू येतात.
सदतिसावी म्हणजे बियाणं चाळायची दोन यंत्रं,
ती चालू असली की अख्खा रस्ता खाजतो.
एकशे नववी, खाजासाहेबांचा मंडप, चौदाशे खुर्च्या,
त्यातल्या साठ कायम कुणाच्या तरी लग्नात राहिलेल्या.
एकशे बावन्नावी, अंबड चौफुलीचा बर्फ कारखाना,
मालकीण कलावती लहाने.
“बर्फावर कर्ज, अन् त्या कर्जावर कर्ज!”
गाडेकर साहेब हसले होते.
पण दर्जा सगळ्यात वरचा. एक हप्ता चुकला नाही.

पहिल्यांदा फाईल परत आली.
त्रेसष्टावी ओळ: मुदत, एकतीस जून.
त्या दिवशी या पृथ्वीवर कुणालाच काही फेडायचं नाही.
दुरुस्त केली. पाठवली.

पाच वाजून चार मिनिटांनी पोच.
शंभराचे बासष्ट धरलेत.
मोंढ्यात ओल आहे म्हणून कडता कापतात,
तसाच हा, फक्त मूठभर माल
हातात घेऊन कुणी बघत नाही.

पाच वाजून अकरा.
लहानेबाई समोर उभ्या.
दुपारी सगळं भरलं म्हणाल्या, दोन वर्षं आधीच.
“कागद आजच द्या बरं का,
उद्या मी लेकीकडं वसमतला चालले.”

मी पडदा बघते. शिल्लक शून्य.
वर मात्र एकशे बावन्न अजून जिवंत आहे,
तिच्या भरवशावर उद्याचे पैसे ठरलेत.
मागं घ्यायची तर कारण निवडा:
थकीत. वादग्रस्त. चुकीची नोंद.
पूर्ण फेड हा पर्याय सगळ्यात खाली,
तिथवर माझं बोट कधी गेलंच नव्हतं.

“काय झालं? काही राहिलं का माझ्याकडं?”
नाही बाई. तुमच्याकडं काहीच राहिलं नाही,
तीच तर अडचण आहे.
हे मनात.

प्रिंटर कुरकुरत छापतो: बेबाकी प्रमाणपत्र.
वसुलीतून निवृत्त झालेले सिद्दीकी सर सांगायचे,
उर्दूत हे दोन वेगळे शब्द आहेत,
एक म्हणजे ज्याच्याकडं बाकी नाही,
दुसरा म्हणजे ज्याला भय नाही.
लिहायला वेगळे,
आपल्या जालन्याच्या कानाला एकच.

बाईंनी कागद उभा धरून वाचला,
चार घड्या केल्या, पर्समध्ये नाही, मुठीत ठेवला.
जिना उतरताना त्यांनी कठडा धरला नाही.

पाच वाजून सव्वीस.
एकोणचाळीस लाखांचं भगदाड.
गाडेकर साहेब मागं येऊन उभे, घड्याळ बघत.
मी परतूर रोडचं खताचं गोदाम काढलं,
नवं कर्ज, दोनच हप्ते आलेले, शाई ओली म्हणावी असं.
क्रमांक, शिल्लक, मुदत, दर्जा.

चौकट अजून हिरवी.
शेवटच्या रकान्यात मी लिहिलं,
होय.